गोल दाणा खाली येतो

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेडशीच्या आमच्या शेतात पेरणीवर होते. अनसिंगला मामांच्या घरी पोचले ती मातीने भरलेल्या साडीतच. भाची शेतातून उठून आली, हे मामांना आवडलंच असतं.

मामा शाळेत विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच वर्गात होते आणि त्यांच्याच विषयात नववीला नापास झाले. मिश्रण वेगळं करायच्या पद्धती घोकून गेले होते. पेपरात सगळ्या एकमेकींत मिसळल्या. त्या दिवशी पुस्तक मिटलं ते मिटलंच... पुढे लग्न होऊन मेडशीला आले.

एका वर्षी ऐन मृगाच्या तोंडावर यांचा पाय मोडला आणि पेरणी माझ्यावर आली. बियाण्याला घरचंच सोयाबीन ठेवलेलं, पण मळणीत बरंचसं फुटून त्याची डाळ झालेली, शिवाय मातीचे खडे. फुटका दाणा उगवत नाही. चाळणीने बारीक माती गेली, सुपाने फोलपटं उडाली. डाळ आणि खडे तिथेच. सासूबाई आणि मी दोन दिवस वेचत होतो, तरी एक पोतं भरेना. आभाळ रोज खाली उतरत होतं. तेवढ्यात यांना बघायला मामा आले. थोडा वेळ आमचे हात बघत उभे राहिले.

"काहून वेचून राह्यल्या? गोल कोन आन् चपटा कोन, ते दान्यालेच इचारा ना."

गोठ्यामागचा सपाट पत्रा त्यांनी ओट्याला तिरपा टेकवला. उतार दोनदा कमी-जास्त केला आणि वरून मूठमूठ दाणे सोडायला लावले. गोल दाणे घरंगळत खालच्या चादरीवर आले, डाळ आणि खडे पत्र्यावर अडले. दिवस मावळायच्या आत बियाणं तयार. सासूबाई कौतुकाने बघत राहिल्या. मी हसून म्हटलं, "मामा, मी तर विज्ञानात नापास."

ते हसले नाहीत. सासूबाईंसमोरच म्हणाले, "तवाच हा पत्रा दाखवाले पाह्यजे होता म्या. चूक माही होती, बेटा."

बियाणं छान उगवलं. दुसऱ्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, दहावी दिली, विज्ञानात पास झाले. आता पेरणीआधी बियाणं निवडायला गावातल्या बाया मलाच बोलावतात, आणि मी बिनधास्त जाते.

परवा अनसिंगला गेले होते. नळाला गढूळ पाणी आलेलं. मामींनी त्यात तुरटी फिरवून पातेलं ओट्यावर ठेवलं होतं. घाईत मी ते उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. गाळ खाली बसू दे आधी. ते हलवू देत नव्हते."

मग पाणी निवळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो.