बिअरच्या बादलीत मेथीदाणे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एकदा सांगायला लागलो की थांबत नाही आणि तुमचा चहा गार होतो. तर मंडळी, मी घरी बिअर केली. म्हणजे, करायला गेलो!

कशाला, असं विचाराल? सासऱ्यांसाठी! आमचे सासरे नागपूरचे, बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. घरातलं डायनिंग टेबल स्वतः रंधा मारून केलेला माणूस. लग्न ठरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "कॉम्प्युटर सोडून हाताने काही करता का?" मी म्हणालो, "मोबाइल." तेव्हापासून त्यांच्या लेखी मी कामातून गेलेलो.

आता ते पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, जर्सी सिटीला येणार होते. सासूबाई थंडीला घाबरल्या, म्हणून एकटेच. शनिवारी संध्याकाळी एक ग्लास बिअर, एवढाच त्यांचा शौक. म्हटलं, या दोन हातांनी केलेली बिअर पुढे ठेवली की सात वर्षांचा डाग धुऊन निघेल!

ऑनलाइन किट मागवलं. एक गॅलनची छोटी बादली, जवाचं सत्त्व, यीस्टची पुडी आणि झाकणावर बसवायची एक नळी. बिअर आंबायला लागली की त्या नळीतून बुडबुडे येतात. सगळं उकळलं, गार केलं, यीस्ट घातलं आणि खुर्ची टाकून नळीसमोर बसलो.

एक दिवस गेला. दोन गेले. बुडबुडा नाही!

"अरे, त्यात लिहिलंय ना, धीर धरा, झाकण उघडू नका," बायको म्हणाली. मुग्धा सूचना वाचणाऱ्यांतली आहे. मी कशाला वाचतोय?

"मुग्धा, आंबवणं आम्हाला शिकवतात का हे लोक? आमच्या घरात रोज पीठ आंबतं!"

आणि मी नाशिकला आईला फोन लावला. आता आईसमोर 'बिअर' म्हणायची माझी काय हिंमत? मी म्हणालो, "आई, इडलीचं पीठ फुगत नाहीये गं."

"अगंबाई! तू इडली करतोयस?" आई एकदम खूश. "थंडी असेल रे तिकडे. ओव्हनमध्ये ठेव, नुसता दिवा लावून. आणि चमच्याने ढवळलंस ना? तिथेच चुकलं! हाताने कालव. हाताची ऊब लागल्याशिवाय पीठ येत नाही."

झालं! बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात बादलीत घालून बिअर कालवली. बादली ओव्हनमध्ये, दिवा चालू. मुग्धाने ते पाहिलं आणि ती खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आईचाच फोन. "आलं का पीठ?"

"थोडं थोडं."

"चमचाभर मेथ्या घाल."

घातल्या! का घातल्या, विचारू नका. माणूस एकदा आईचं ऐकायला लागला की कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. आणि खरं सांगतो, संध्याकाळी बुडबुडे आले! मी घरभर नाचलो. रोज झाकण उघडायचं, वास घ्यायचा, एकदा कालवायचं. पंधरा दिवसांनी दहा बाटल्या भरल्या आणि कपाटात ठेवल्या.

महिन्याभराने सासरे आले. बूट काढले, सोफ्यावर बसले आणि बॅगेतून एक जडशीळ पुडकं काढलं. उघडलं तर इडलीपात्र! चोवीस इडल्यांचं!

"तुमच्या आईंनी कुरिअरने नागपूरला पाठवलं," सासरे म्हणाले. "जावई महिनाभर इडलीची प्रॅक्टिस करतोय म्हणाल्या. वजन बसेना, माझा स्वेटर काढून ठेवला. विमानातही काही खाल्लं नाही. म्हटलं, तुमच्या हातच्याच खाऊ."

सात वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून हसत होते हो! मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"बाबा, इडली नाहीये," मी म्हणालो. "बिअर आहे." आणि हाताने कालवण्यापासून मेथ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्यांनी इडलीपात्र बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "आणा."

बाटली उघडली. अर्धी बिअर फेस होऊन त्यांच्या शर्टावर गेली. उरलेली मी ग्लासात ओतली. त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, अँब्युलन्स बोलवावी लागते की काय! आंबट, कडू आणि वर मेथीच्या लाडवाचा वास.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे नुकतं उजाडलेलं. चूळ भरायच्या आधी फोन!

"पोचलात का? खाल्ली का इडली? कशी झालीय?"

सासऱ्यांनी ओला शर्ट नीट केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "विहीणबाई, काय सांगू! इतकी हलकी, की चावावीच लागली नाही!"

आईच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही! या माणसाने माझी लाज राखली. जावई म्हणून नाही, मुलगा म्हणून राखली. वाटलं, उठून पाय धरावेत.

"निखिल, गुणाचं रे माझं बाळ!" आई म्हणाली. "मग उद्या सकाळीही त्यांना गरम गरम करून घाल. पीठ उरलंय ना?"

आणि मी, छाती फुगवून, तोंड भरून सांगितलं, "भरपूर उरलंय आई! नऊ बाटल्या!"

"बाटल्या? पिठाच्या?" आईने विचारलं. सासऱ्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कॉल कट केला आणि शांतपणे म्हणाले, "निखिलराव, हातांचं नंतर बघू. आधी तोंड आवरायला शिका."