सिद्रामप्पांची काचेची नळी

सकाळी मी शाळेला निघाले, की शेजारचे सिद्रामप्पा ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवून बसलेले असत. हातात चिमटा, चिमट्यात काचेची नळी, नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध आणि त्यात स्वतःच्या लघवीचे मोजून आठ थेंब. उकळल्यावर रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. हा उद्योग इतर लोक घरात, आडोशाला करतात. अप्पा भर गल्लीत करत आणि निकाल येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. मी सोलापुरात शिक्षिका म्हणून आले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी "बाई, बघा की, आज लई तांबडं आलंय" म्हणत नळी माझ्या नाकासमोर धरली. पुढचे दोन दिवस मी मागच्या बोळातून शाळेत गेले.

त्यांच्या चादरींच्या दुकानातली बसायची गादी तेव्हा त्यांना एकट्यालाही पुरत नसे. मठातल्या पंगतीत गव्हाची खीर, म्हणजे त्यांच्या कानडीतली हुग्गी, ते अशी ओरपत की वाढपी दमून जात. रोग आहे म्हणून प्रसादाला नाही म्हणायचं का, असा त्यांचा सवाल असे. दुसऱ्या दिवशी नळी विटकरी.

मग एकदा पोटातल्या अल्सरमुळे त्यांना रक्ताची उलटी झाली आणि डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त जठर कापून काढलं. अप्पा घरी आले आणि नळी निळी राहू लागली. वर्षभरात वजनही निम्म्यावर आलं. मधुमेहावर इलाज करायला कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे डॉक्टरही चक्रावले. अप्पांचा हिशेब मात्र सोपा होता. "पोट कापलं, रोग गेला की!"

आता ते दिवसातून सहा वेळा चतकोर-चतकोर खात. मठात पानात काही टाकायचं नाही असा नियम, म्हणून ते पानच घेत नसत. तळहातावर चमचाभर हुग्गी घेत. त्याहून जास्त गोड पोटात गेलं की दरदरून घाम सुटे आणि आडवं व्हावं लागे. मला वाईट वाटे, त्यांना मुळीच नाही. रोज नळी उकळायची आणि निळा रंग डोळे भरून बघायचा, एवढ्यावर ते खूश होते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. अप्पा पांढुरके दिसू लागले, चार पावलांत दम लागू लागला. एका वैशाखात शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी मला त्यांची चप्पल दिसली, एकच. अप्पा पुढे चालले होते, तापलेल्या रस्त्यावर एक पाय अनवाणी ठेवून, आणि त्यांना पत्ताच नव्हता. ओट्यावर बसवून पाहिलं तर तळव्याला फोड आले होते. माझं धाबं दणाणलं. अप्पा मात्र नळी आणायला उठले.

"सकाळीच बघितलंय, बाई. निळं हाय. मला काय झालंय?"

"अप्पा, नळीला साखर कळते. पाय नाही कळत."

रिक्षात घालून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. जठर कापल्यावर रक्ताला आणि नसांना लागणारं एक जीवनसत्त्व अंगी लागत नाही, म्हणून दर महिन्याला एक इंजेक्शन, तेही जन्मभर, असं डॉक्टरांनी घरी सोडतानाच सांगितलं होतं. अप्पांनी दोन घेऊन बंद केली होती. का, असं विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"त्ये औषध तांबडं हाय की, डॉक्टर. तांबडं बघितलं की भ्या वाटतं."

डॉक्टर रागवायचे ते हसायलाच लागले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं रोज सकाळी तांबड्या रंगाला घाबरलेला माणूस तो रंग दंडात कसा टोचून घेणार, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. रोज ती नळी बघणाऱ्या माझ्याही नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. टोचून घेताना अप्पा डोळे घट्ट मिटत. चेहऱ्यावर रंग आला, दम लागायचा थांबला, पायांची जाणीव मात्र अर्धीच परतली. तेव्हापासून नळी दाखवून झाली की ते पाय पुढे करत. "आता चपला बघा, बाई. दोन हायत का?" मी मोजून "दोन" म्हणायचे. आधी लाज वाटे, पुढे पुढे त्याशिवाय शाळेत लक्ष लागेना.

माझी बदली झाली तेव्हा अप्पा स्टेशनवर आले. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पुडकं त्यांनी खिडकीतून दिलं. आता चपला कोण बघणार, असं मी विचारलं. गाडी हलली, तसं त्यांनी धोतर वर धरलं, खाली वाकून आधी एक पाय बघितला, मग दुसरा, आणि माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

मीही खिडकीतून मोजल्या. दोन होत्या.