हंड्यावरचं नाव

सुंदररावांची राख सावडायच्या दिवशी कुणीतरी मोहनरावांना मागून ढोसलं. "समोरासमोर राहत होता तुमी. दोन शब्द बोला." मोहनराव उठले, टोपी नीट केली आणि तसेच उभे राहिले. या माणसाबद्दल सांगावं असं आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. दारासमोर दार, मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि तरी सुंदररावांना भाऊ किती, सासुरवाडी कुठली, हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं. "लई साधे होते," एवढं म्हणून ते खाली बसले. बसल्यावर वाटलं, साधे होते हे तरी आपण कशावरून म्हणालो?

मोहनरावांनी सगळी नोकरी गेवराईच्या एसटी आगारात केली. बोलायचा त्यांना पहिल्यापासून संकोच. निवृत्त झाल्यावर हायवेच्या पलीकडच्या नव्या वस्तीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. वस्तीत बरीचशी माणसं डोंगरपट्ट्यातल्या एकाच गावची होती. तिकडं पाणी संपलं तशी ती एकामागून एक गेवराईला आली. कुणी हमाली करी, कुणी वीटभट्टीवर जाई, कुणाची मुलं कापसाच्या जिनिंगवर होती. सुंदररावही त्याच गावचे. गावात ते दूध संस्थेचे चेअरमन होते. मुलानं गेवराईत घर बांधलं आणि आईवडिलांना आणलं, ते नेमकं याच गल्लीत. मुलगा नंतर बदली होऊन लातूरला गेला. म्हातारा-म्हातारी राहिली.

त्या वर्षी नगरपालिकेचं पाणी महिन्यातून दोनदा यायचं, तेही आलं तर. गल्लीत टँकर येई. टँकरच्या दिवशी सकाळपासून भांड्यांची रांग लागायची. माणसं सावलीला आणि भांडी उन्हात. घरातलं एकूण एक भांडं बाहेर निघे. माळ्यावरचे हंडे, लग्नातल्या घागरी, कुणाकुणाच्या आहेरात आलेल्या कळश्या. आणि भांड्यांवर नावं असतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. बायका रांगेत बसल्या बसल्या ती वाचायच्या.

"अगं ही बघ, आत्याबाईनं दिलेली कळशी. बूड बघ, कागदावानी."

"अन् लग्नात सांगत होती, जड बघून आणली म्हनून!"

"हिच्यावर तर दुसऱ्याच नवरीचं नाव हाय गं. आलेली फिरवली वाटतं."

यात सगळ्यांत जास्त दिसायचं ते एकच नाव. निम्म्या रांगेत स्टीलचे सारखे हंडे होते आणि त्यांच्या गळ्याखाली मशीननं कोरलेल्या ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. वरच्या ओळीत बारीक, 'दूध उत्पादक संस्था, रौप्यमहोत्सवी भेट'. खाली चांगलं बोटभर उंचीचं, 'चेअरमन सुंदरराव'.

पाइप धरायला उत्तरेश्वर असायचा. त्याची पानटपरी कोपऱ्यावरच होती आणि जिभेला हाड नव्हतं.

"ए, चेअरमनला सरकव पुढं!"

"ह्यो चेअरमन कुनाचा? आडवा झालाय, उचला त्याला."

"कावून गं, तुझा चेअरमन बुडातून गळतोय की!"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. समोरच्या घरात सुंदरराव असायचे. दार लोटलेलं, पण पत्र्याचं दार, त्यातून काय ऐकू येत नाही? रांगेत त्यांच्याकडून त्यांची बायको केशरबाई यायच्या. त्यांचे गुडघे सुजलेले. प्लास्टिकचा कॅन लोटत लोटत त्या पुढं सरकत आणि कुणी बसायला दगड दिला तरी बसत नसत, कारण बसलं की उठता येत नसे. सुंदरराव कधीच येत नसत. मोहनरावांना आधी वाटलं, गुर्मी आहे. चेअरमनकी उतरली नाही अजून.

मग छबुबाईंनी, मोहनरावांच्या बायकोनं, सगळं सांगितलं. छबुबाईंची बहीण त्याच गावात दिलेली होती. घरातला हंडाही तिच्याकडूनच आला होता.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी असाच पाऊस गेला होता. कडबा संपला. माणसं जनावरं बाजाराला काढायला लागली. तेव्हा सुंदरराव मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "कुनीबी जनावर इकू नका. चाऱ्याचा ट्रक येतोय. माझा शब्द हाय." गाव थांबलं. लोकांनी छपरावरचं पाचट उपसून म्हशींना घातलं. बाजारभाव रोज उतरत होता, तरी थांबले. एका दुपारी फाट्यावर ट्रकचा आवाज आला. माणसं दोर घेऊन, विळे घेऊन पळाली. म्हातारीकोतारीसुद्धा पळाली. ताडपत्री सोडली, तर आत हंडे.

संस्थेला पंचवीस वर्षं होणार म्हणून ते आदल्या वर्षीच सांगून ठेवले होते. चारा कुठं अडला ते कुणाला कधी कळलं नाही. हंडे मात्र वेळेवर आले. नारळ फुटला. सुंदररावांनी एकेका सभासदाचं नाव पुकारून हंडा हातात दिला. फेटा बांधून दिला, असं छबुबाईंची बहीण सांगायची. हंडे सगळ्यांनीच घेतले. स्टीलचा हंडा कोण सोडतो? पुढच्या पंधरवड्यात गोठे रिकामे झाले, संस्थाही बसली. आता याच गल्लीत राहणाऱ्या रतनबाईची गाभण म्हैस बाजारापर्यंतही गेली नाही. दारात बसली ती उठलीच नाही.

"अन् ह्यांच्या दोन म्हशी?" छबुबाई म्हणाल्या. "त्या चैत्रातच गोदाकाठी बहिणीकडं पोचवल्या होत्या. गावाला शब्द दिला तवा ह्यांच्या गोठ्यात कुत्रं बांधलेलं होतं. सगळ्यांना ठाव हाय. तोंडावर कोन बोलनार?"

हे ऐकल्यापासून मोहनरावांना समोरचं लोटलेलं दार बघायची लाज वाटू लागली. दुसऱ्याची लाज अशी आपल्याला का यावी, ते त्यांना समजेना.

एका दुपारी सुंदररावच ओसरीला आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "मोहनराव, येक इचारायचं होतं. भांड्यावरलं नाव निघतं का हो?"

"निघत असंल," मोहनराव म्हणाले. "बाजारात पॉलिशवाला बंकट हाय. ओळखीचा हाय माझ्या."

सुंदररावांनी घरातला हंडा माळ्यावरून काढला होता. तो चादरीत गुंडाळून दोघं बाजाराला निघाले. रस्त्यात मोहनराव मुद्दाम थोडे पुढं चालले. सोबत आहोत असं दिसू नये, एवढंच. मागं वळून बघितलं तर सुंदरराव त्याच बेतानं मागं राहिलेले. त्यांनाही ते कळलं होतं.

बंकटनं चादर सोडली आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलं. "चेअरमन सुंदरराव! कोन हो हे?"

"होते एक," सुंदरराव म्हणाले.

मोहनराव रस्त्यावरच्या वाळूच्या ट्रककडं बघत राहिले.

"अक्षरं खोल हायत," बंकट म्हणाला. "घासतो, पन पत्रा पातळ व्हनार. मग म्हनू नका."

त्यानं घासलं. नाव गेलं खरं, पण तेवढीच जागा आरशासारखी लख्ख झाली आणि बाकीचा हंडा जुनाट राहिला. पुढच्या टँकरला केशरबाईंनी तो रांगेत ठेवला. ऊन त्याच्यावर पडलं आणि सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत तिरीप गेली.

"आरं तिच्या!" उत्तरेश्वर ओरडला. "चेअरमननं तोंड धुतलं!"

हसण्याचा आवाज पार हायवेपर्यंत गेला असेल. केशरबाईंनी पदरानं हंड्याची ती बाजू झाकली.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सुंदररावांनी भलतंच मनावर घेतलं. दुपारच्या वेळी, पुरुषमाणसं कामाला गेली की ते घरोघर जायचे. दाराशी उभं राहून म्हणायचे, "हंडा द्या दोन दिवस. माझ्या खर्चानं घासून आणतो. नव्यावानी करून देतो." देणाऱ्यांनी दिले. कुणाला नको असतं? पण गल्लीनं त्याचा अर्थ लावलाच. नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या.

"म्हातारा उभा ऱ्हानार बे," उत्तरेश्वर टपरीवर सांगू लागला. "आधी जुनं नाव पुसायचं, मग नवं छापायचं."

"मग म्हनावं, हंडा हाय आमच्याकडं. या टायमाला कुकर द्या."

मोहनराव तिथंच बिडी घ्यायला उभे होते. तसं नाही रे बाबांनो, असं ते म्हणू शकले असते. तोंड उघडलंही होतं. मग बिडी पेटवून घरी आले.

सगळ्यांचे झाले, रतनबाईचा राहिला. तिचा नवरा धुळाजी मेंढरं घेऊन लांब गेलेला आणि ती दिवसभर लोकांच्या शेतात. ती घरी सापडायची ती टँकरच्याच दिवशी. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा सुंदररावांचं दार पूर्ण उघडलं. ते पायऱ्या उतरले आणि भांड्यांच्या कडेकडेनं रांगेपाशी आले. केशरबाई कॅनला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बघितलं.

"रतनबाई," ते हळू म्हणाले, "तुमचा तेवढा ऱ्हायला. घासून आनतो."

"न्हाई द्यायचा."

"नव्यावानी हुईल."

"नवा कशाला पायजे?" रतनबाईचा आवाज वाढला नाही, पण बाकीचे गप्प झाल्यामुळं तो सगळ्यांना ऐकू गेला. "दहा वरसं दूध घातलं मी तुमच्या संस्थेला, दादा. ऱ्हायलंय काय माझ्याजवळ? म्हस गेली. गाव सुटलं. ह्यो येक हंडा हाय. त्येच्यावर काय लिवलंय ते तुमी लिवलंय, मी न्हाई सांगितलं लिवायला. आता तुमाला टोचतंय म्हनून माझा हंडा पातळ करू व्हय?"

सुंदररावांनी मान खाली घातली.

"आन् येक इचारते. तुमचं नाव ऊनातानात रांगेत उभं असतं. तुमी कावून नसता? वैनीचे गुडघे बघा जरा."

केशरबाई पुटपुटल्या, "असू दे गं रतन."

सुंदरराव तसेच उभे होते. मोहनरावांना वाटलं, आता हे वळतील आणि दार लावून घेतील. आपणच त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण सुंदरराव वळले नाहीत. त्यांनी रांगेकडं बघितलं, म्हणजे माणसांकडं नाही, भांड्यांकडं, आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, जसं पारावर बोलायची सवय असते तसं, "माझ्या म्हशी मी चैत्रातच बहिनीकडं नेल्या होत्या. तुमाला थांबा म्हनलो तवा माझा गोठा मोकळा होता."

पाइपातून पाणी धबाधब पडत होतं. खालचं भांडं भरून वाहू लागलं तरी उत्तरेश्वरनं पाइप हलवला नाही. मोहनरावांना वर बघवेना. आपण काहीतरी उघडं नागडं बघतोय आणि इथं असायलाच नको होतं, असं त्यांना वाटत होतं.

"ठाव हाय ते समद्यांला," रतनबाई म्हणाली. "उत्तरेश्वर, पानी वाया चाललंय. माझा नंबर हाय."

तिचा हंडा सुंदररावांच्या पायाशीच होता. त्यांनी तो उचलला आणि पाइपाखाली धरला, आपल्या नावाची बाजू आपल्याकडं करून. भरल्यावर तिच्या डोक्यावर द्यायला गेले तर हंडा कलला, पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

"नीट धरा की," ती म्हणाली आणि गेली.

यानंतर काही गोड झालं, असं नाही. रतनबाई त्यांच्याशी पुन्हा बोलल्याचं मोहनरावांनी पाहिलं नाही. उत्तरेश्वरची जीभ आठवडाभर आत राहिली, मग पहिल्यासारखी सुटली. चेअरमनला सरकव, चेअरमनला उचल. नाव घासून गेलेले हंडेही त्याच्या तोंडी चेअरमनच राहिले. फरक एवढाच की आता सुंदरराव तिथंच उभे असायचे, केशरबाईंच्या जागी. स्वतःचं नाव ऐकलं की खाली वाकून ज्याचा असेल त्याचा हंडा पुढं सरकवायचे. रतनबाईचा हंडा त्यांनी पुन्हा घासायला मागितला नाही. टँकरला उशीर झाला की मोहनराव आणि ते शेजारी शेजारी उभे राहत. मोहनरावांच्या मनात पुष्कळदा आलं, काहीतरी बोलावं. बाजारात मी पुढं का चाललो, टपरीवर मी गप्प का बसलो. पण असलं बोलायचं कसं सुरू करतात, हे त्यांना कधी आलंच नाही. सुंदरराव तरी कुठं बोलायचे.

आषाढातल्या एका संध्याकाळी, छातीत दुखून सुंदररावांना बीडला नेलं त्याच्या आदल्या दिवशी, ते दारात बसून कॅनचं झाकण शोधत होते. मोहनराव ओसरीवर उभे होते.

"मोहनराव, टँकर उद्या का परवा हो?"

"परवा म्हनत होता डायवर."

"मंग आज धुऊन काढतो ह्यो कॅन. आतून शेवाळ धरलंय."

"मीठ टाका थोडं. निघतंय."

"बारीक का जाडं?"

"जाडं," मोहनराव म्हणाले, आणि आत गेले.