ऑपरेशन पोटाचं, ठणकतोय खांदा

मैत्रिणींनो, दुर्बिणीतून गर्भपिशवी काढून परवा घरी आले. आज पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता.

सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा? कामाचा कंटाळा, दुसरं काय." हे चाकणहून शिफ्ट करून आले, तेही हसले.

संकष्टीचा उपवास म्हणून मी दुपारची गोळी टाळली होती. शेवटी डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनवेळी पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखतो. उपवास नको, गोळी वेळेवर घ्या, घरातच थोडं चाला."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "चालायचंच आहे ना, मग ओट्यापर्यंत चाल. कणीक मळायची राहिलीय."

बाप्पाची क्षमा मागून गोळी घेतली आणि कणीक मळली.

तुमच्या घरी बाईचं दुखणं कोणाच्या सांगण्यानं खरं ठरतं?