पावसाळ्याची माती

हिर्डोशीत सगळेच पावसाळ्यासाठी लाकडं भरून ठेवतात. आमच्या शेजारच्या काकू मातीसुद्धा भरतात. त्यांच्या कोंबड्यांना कोरड्या मातीत लोळायला मिळालं नाही, तर अंगावर उवा होतात. बरं, वाटेल ती माती चालत नाही. मी बांधकामाची वाळू नेऊन दिली, तर मुठीत दाबून म्हणाल्या, "लई जाड हाय, माघारी ने." मातीत मिसळायची राखही नुसत्या लाकडाची हवी; प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको.

यंदा आषाढात त्यांचं छप्पर गळलं. सकाळी गेलो तर घरातल्या एकाच कोरड्या कोपऱ्यात मातीची पोती, आणि काकू बाजूला ओल्याचिंब.

"काकू, भिजलात की!"

"मी काय, चुलीम्होरं बसले की वाळते. ह्या मातीला दसऱ्यापतूर ऊन कुठनं आणू?"