काकूंच्या कोटाचं माप

शिंपीकाका पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते एका लठ्ठ गिऱ्हाइकाला मिठी मारताना. दुकानाच्या काचेतून तसंच दिसलं. खरं तर ते कोटासाठी छातीचं माप घेत होते. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणायची म्हणजे माणसाला कवेत घ्यावंच लागतं.

अशा रीतीनं निम्मं गाव त्यांच्या कवेत येऊन गेलं होतं. घरच्या माणसांची मात्र पाळी आली नव्हती. मुलगी नोकरीसाठी दूर निघाली, तेव्हा काकांचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि तिच्या बॅगेवर थाप मारून परत आला.

मग काकांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि बजावलं, की महिन्याभरात उतरलं नाही तर दुकान बंद ठेवावं लागेल. निघताना बाईंनी आणखी एक सांगितलं, की मायेच्या माणसाला रोज थोडा वेळ घट्ट जवळ घेत जा. त्यानं जीव निवांत होतो. गोळीऐवजी नव्हे, गोळीच्या जोडीला. काकांचे कान लाल झाले. काकू शेजारीच होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी गोळी दिली, अळणी भाजी वाढली आणि समोर उभ्या राहिल्या.

"तिसरं राहिलं."

काकांनी स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "टाचण्या आहेत. टोचतील."

"लग्न झाल्यापासून आहेतच त्या," काकू म्हणाल्या.

पुढे कधी हाताला खडू लागलेला असे, कधी इस्त्री तापलेली असे, कधी गिऱ्हाईक दारात असे. काकू रोज विचारत, काका रोज निसटत. तपासणी जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. एका दुपारी काकू डबा घेऊन दुकानात आल्या, तर काका सुईत दोरा ओवत होते आणि दोरा पुन्हा पुन्हा नेढं चुकवत होता. काकूंनी सुई घेतली, दोरा ओवून परत दिली आणि जायला वळल्या. आज तिसऱ्याचं नावही नाही म्हटल्यावर काका घाबरले.

त्यांनी शर्टावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या, गळ्यातली टेप हातात घेतली. "अगं, थंडी येतेय. तुला कोट शिवतो. उभी राहा बघू."

टेप पाठीमागून पुढे आली. आकडा केव्हाच दिसला होता.

"किती भरलं?" काकूंनी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसूनच विचारलं.

"थांब जरा. नीट दिसत नाहीये."

आत येणारं एक गिऱ्हाईक काचेतूनच पाहून हळूच मागे फिरलं.

तपासणीत ब्लडप्रेशर बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळी चालू ठेवायला सांगितली आणि तिसऱ्या गोष्टीचं काय झालं, असं विचारलं. काका छताकडे बघत म्हणाले, "काम चालू आहे."

दुकान आजही उघडं असतं. काकूंचा कोट अजून बेतलेलासुद्धा नाही. माप मात्र रोज सकाळी घेतलं जातं.