गरम पाणी आणि दुधीचा मांडव

माझ्या चिनी शेजाऱ्याइतका हट्टी माणूस अख्ख्या ओहायोत शोधून सापडायचा नाही. बॅटरीच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा गृहस्थ, पण औषध म्हणून त्याचा विश्वास फक्त गरम पाण्यावर. सर्दी, पोटदुखी, बॉसशी भांडण, सगळ्यावर गरम पाणी. माझ्या बायकोला खोकला झाल्याचं कळलं, तर हा बर्फ तुडवत थर्मास घेऊन दारात हजर. हॉटेलात गरम पाणी मागितलं की वेट्रेस बिचारी कपात लिंबू आणि टी-बॅग घालून आणी. हा दोन्ही चमच्याने बाहेर काढून ठेवी आणि मग तृप्तपणे घोट घेई. आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये घरापुढच्या लॉनला लोक देवघरासारखं जपतात. याने ते खणून मांडव घातला आणि त्यावर दुधीचे वेल चढवले. सोसायटीचा अध्यक्ष तावातावाने जाब विचारायला आला आणि दोन दुधी काखेत मारून परतला. "लॉन खाता येतं का?" एवढंच याने त्याला विचारलं होतं.

असा हा माणूस हलला तो गेल्या वर्षी. चीनमध्ये आपल्या जुन्या प्राध्यापकांना भेटून आला, म्हणून हेरगिरीच्या संशयाने कंपनीत चौकशा सुरू झाल्या. निघालं काहीच नाही, पण त्याचं संशोधन दुसऱ्याकडे गेलं आणि याला नुसतं मीटिंगांना बसवू लागले. तेवढ्यात त्याच्या गावच्या विद्यापीठाने स्वतंत्र लॅब देऊ केली. त्याच्या बायकोची फार्मसीतली नोकरी इथे, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "डॅड, मला तिथल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत."

मी म्हटलं, "अरे, रिटायर होईपर्यंत ॲडजस्ट कर."

"माझं काम इथे उरलं नाही," तो म्हणाला, "आणि माझी माणसं तिकडे येणार नाहीत."

ऑगस्टमध्ये तो एकटाच गेला. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे खीर द्यायला गेलो. माय-लेकी जेवत होत्या. त्याच्या जागेवर सॉसच्या बाटलीला टेकवून फोन उभा केलेला. तिकडे सकाळ; तो कामाला जाण्याआधी नाश्ता करत होता. कुणीच बोलत नव्हतं. मला पाहून तो हसला. "रोज बोलायला काय असणार? पण जेवतो एकत्र."

जेवण झालं. मुलगी अभ्यासाला वर गेली, आई भांडी घासायला वळली. फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो रिकाम्या टेबलासमोर सावकाश खात राहिला.